कड्याच्या वाटेवरच्या एकोणीस पाट्या

एके काळी गावातल्या निम्म्या दुकानांची नावं पेंटरच्या हातची होती. दवाखाना, गिरणी, सायकलवाला, बँकेच्या दारावरचं 'ढकला' आणि 'ओढा', सगळं त्याचं. मग छापील फलक आले. आज सांगा, उद्या तयार, वर दुकानदाराचा फोटो, आणि फोटोत दुकानदार दहा वर्षांनी तरुण. ह्या शेवटच्या गोष्टीशी कुठला पेंटर टक्कर देणार? एकेक दुकान हातचं गेलं. उरल्या त्या कड्याच्या वाटेवरच्या एकोणीस पाट्या.

गावामागे डोंगर आहे, डोंगरावर दाट जंगल, आणि जंगलातून वर चढत जाणारी एक वाट. वाट संपते तिथे जमीनही संपते. पायाखाली खोल दरी दिसते, आणि ती बघायला लांबलांबून माणसं येतात. वाट चढाची आणि फसवी, म्हणून वनखात्याने बावीस वर्षांपूर्वी तिच्यावर पाट्या लावल्या. लाकडी फळी, हिरवा रंग, त्यावर पांढरं अक्षर: एक बाण, 'कडा' हा शब्द, आणि पोहोचायला अजून किती वेळ लागेल ते. पहिल्या पाटीवर 'कडा – २ तास', पुढे पाटीगणिक वेळ कमी होत होत अठरावीवर 'कडा – ५ मिनिटं', आणि एकोणिसावीवर नुसतंच 'कडा'. पावसाने रंग उडाला की वनखात्याचा गार्ड पाट्या काढून खाली आणायचा, पेंटर त्या पुन्हा रंगवायचा आणि गार्ड परत नेऊन ठोकायचा. शिवाय पायथ्याच्या फाटकावर एक भला मोठा फलक होता. त्यावर पेंटरने दरीचं चित्रच काढलं होतं. उगवता सूर्य, निळीशार नदी आणि नदीत दोन हंस. हंस त्याला फार छान जमायचे.

फक्त एक गोष्ट होती, आणि ती पेंटर, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण ह्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. पेंटर त्या वाटेने कधी गेलाच नव्हता.

मुद्दाम नाही हो. पहिल्या वर्षी जाणार होता, तर मुलीला गोवर निघाला. दुसऱ्या वर्षी गिरणीची भिंत रंगवायला घेतली. मग गुडघा धरला. दर रविवारी 'पुढच्या रविवारी' म्हणता म्हणता मुलगी मोठी होऊन सासरी गेली. आणि मग अशी वेळ आली की 'मी गेलो नाही' असं सांगायची सोयच उरली नाही. चहाच्या टपरीवर बाहेरगावची माणसं विचारायची, "वरून कसं दिसतं हो?" आणि पेंटर डोळे बारीक करून म्हणायचा, "सांगायला शब्द नाहीत."

ते मात्र अगदी खरं होतं.

वनखात्यात नव्या मॅडम आल्या. बत्तीस वर्षांच्या असतील, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. एका गुरुवारी सकाळी त्या पेंटरच्या दुकानात शिरल्या. दुकान कसलं, घराची पुढची खोली. भिंतीला टेकून फळ्या, खिडकीत वाळत घातलेले ब्रश, टर्पेंटाइनचा वास आणि एकच स्टूल, त्यावर रंगाचे इतके थर की मूळ लाकूड कसलं ते आता स्टुलालाही आठवत नसेल. मॅडमनी रुमाल अंथरला आणि बसल्या. काखेतली वही उघडली.

"पेंटरकाका, तक्रारींची वही आहे. वाचू?"

"वाचा की."

"'पाटी म्हणते वीस मिनिटं, आम्ही तासभर चालतोय. पाटी खोटारडी.' ही एक. 'बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. ह्या पाट्या कुणी लिहिल्या?' ही दुसरी."

पेंटरला हसू आलं. ते त्याने मिशीखाली दाबलं.

"हसा," मॅडम म्हणाल्या. "मीही हसले होते. पण परवा एका आजोबांना झोळीत घालून खाली आणावं लागलं. दोन तासांचीच वाट म्हणून त्यांनी पाण्याची एकच बाटली घेतली होती. आता बरे आहेत, पण नशीब म्हणायचं."

पेंटरचं हसू मिशीखालीच विरलं.

"वेळा वनखात्याकडून लिहून आल्या होत्या," तो म्हणाला. "मी जशाच्या तशा उतरवल्या. बावीस वर्षांत एक काना इकडचा तिकडे नाही झाला, मॅडम."

"अक्षराबद्दल कुणाचं काहीच म्हणणं नाही. तुम्ही स्वतः कितीदा गेलाय वर?"

"आता मोजलेत कुणी!"

"बरं. अकराव्या पाटीपाशी वाट कुठे वळते?"

पेंटरने छताकडे पाहिलं. छताने काही मदत केली नाही. "सरळ," तो म्हणाला.

मॅडमनी वही मिटली. "तिथे सरळ गेलात ना काका, तर पुढच्या पाटीची गरजच पडणार नाही. खाली साठ फूट खडक आहे."

मग त्या जरा सौम्य झाल्या, आणि पेंटरला तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, सोमवारी शहरातल्या छापखान्याला यादी पाठवायची आहे. पत्र्याच्या पाट्या करून येतील, वीस वर्षं रंग जाणार नाही.

"आणि त्यांना बरोबर वेळ कोण सांगणार?" पेंटरने विचारलं.

"नकाशावरून अंतर काढतात."

"अंतराला चढ कळतो का, मॅडम?"

मॅडम दारापर्यंत जाऊन थांबल्या. "सोमवारी सकाळी दहा वाजता," त्या म्हणाल्या. "खऱ्या वेळा कागदावर आणून द्या. मला पटल्या तर पाट्या तुमच्या. नाहीतर यादी जाईल."

पेंटरने घरात येऊन सांगितलं तेव्हा बायको भांडी पुसत होती. एक पातेलं तिने तीनदा पुसलं. ह्या पाट्या गेल्या की दुकानाला कुलूप, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि कुलूप लागल्यावर हा माणूस दिवसभर घरात बसून काय करणार, हा विचार येताच तिने पातेलं खाली ठेवलं.

"तुम्ही वर जा," ती म्हणाली. "पण एकटे नाही. आक्कांना घेऊन जा."

"आक्का अडुसष्ट वर्षांची आहे!"

"म्हणूनच. तुम्ही कुठे बसकण मारलीत तर उठवणार कोण? माझं तुम्ही ऐकत नाही."

आक्का म्हणजे पेंटरची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची. पस्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती, आणि निम्मं गाव तिच्या हातात पहिल्यांदा रडलं होतं. त्यामुळे गावात तिला कुणी उलटून बोलायचं नाही. घड्याळ ती मनगटात बांधायची नाही, छातीशी टाचणीने उलटं अडकवायची, म्हणजे मान खाली घातली की वेळ दिसते आणि हात मोकळे राहतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, घड्याळ तिथेच होतं.

"जाऊ की," आक्का म्हणाली. "मला कुठे कुणी नेतं? शनिवारी सहाला फाटकाशी. अंडी मी उकडून आणते. पाणी चार बाटल्या, कमी नाही. आणि ती चामड्याची चप्पल घालून आलास तर तुला तिथूनच परत पाठवीन."

शनिवारी सहाला दोघं फाटकाशी उभी राहिली. समोर पेंटरचा सूर्य उगवत होता, खरा अजून उगवायचा होता. आक्काने वही काढली, मान खाली घातली आणि लिहिलं: सहा वाजून चार मिनिटं.

पहिल्या दोन पाट्यांपर्यंत पेंटर ऐटीत चालला. झाडं उंच, खाली वाळक्या पानांची गादी, हवा थंडगार. स्वतःचं अक्षर असं झाडांमधल्या खांबावर भेटलं की त्याला शाळेत मुलाचं नाव फळ्यावर बघितल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या पाटीनंतर वाटेने रंग बदलला. ती झाडांच्या मुळांवरून वर चढू लागली, एकेक मूळ गुडघ्याएवढं. वाट नव्हे, जिना म्हणायचा, आणि तोही ज्याने बांधला त्याचं भाडेकरूशी भांडण असावं असा. चौथ्या पाटीला पेंटर पोहोचला तो फुगा फुटल्यासारखा आवाज करत.

"गेल्या पाटीपासून इथवर पाटीप्रमाणे सात मिनिटं," आक्का म्हणाली. "आपल्याला लागली सोळा."

"त्यातली पाच मी बसलो होतो. ती वजा कर."

"का वजा करायची?"

"बसणं म्हणजे चालणं नव्हे."

"अरे वेड्या, कळा मोजताना आम्ही दोन कळांमधली वेळही धरतो. मधला विसावा धरला नाही तर मूल कधी येणार ते कळेलच कसं? माणूस चढावर बसणारच. बसणं वाटेतच धरायचं." आणि तिने सोळा लिहिले.

पेंटरला पटलं, पण मान्य करायला दमच नव्हता.

सहाव्या पाटीपाशी एक जाडसर गृहस्थ दगडावर बसून टॉवेलने मान पुसत होते. चेहरा टोमॅटोसारखा. ह्या दोघांना बघताच त्यांना बोलायला माणूस मिळालं.

"बघा! बघा ही पाटी!" ते म्हणाले. "एक तास वीस मिनिटं! मागच्या पाटीला एक तास सत्तावीस. सात मिनिटांची वाट मी पाऊण तास चढतोय. ज्याने ह्या लिहिल्या ना, तो माणूस मला एकदा भेटायला हवा."

"भेटेल हो, भेटेल," आक्का म्हणाली. "जग केवढंसं ते."

पेंटरने गुपचूप पिशवीतली एक काकडी काढून त्यांच्यापुढे धरली.

"अक्षर मात्र सुरेख आहे," काकडी खाता खाता गृहस्थ म्हणाले. "इतक्या सुरेख अक्षरात खोटं बोलायचं म्हणजे कमाल आहे."

पेंटरचे कान लाल झाले. त्याने दुसरी काकडी दिली, आणि जवळची एक बाटली पाणीही. गृहस्थांनी इथूनच परत फिरायचं ठरवलं. जाताना त्यांनी हात जोडले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं," ते म्हणाले. आक्काने तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

अकराव्या पाटीपाशी वाट खरंच डावीकडे वळत होती. समोर मोकळं आकाश दिसत होतं आणि झुडपांमागे खडक तुटलेला होता. पेंटर तिथे क्षणभर उभा राहिला. बाण त्यानेच काढला होता, डावीकडे वळलेला, व्यवस्थित, टोकदार. काढताना तो कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला, "हा बाण मी चुकून उलटा काढला असता तर?"

"नाही ना काढलास? मग चल."

पण पुढची दोन वळणं तो आधी कडेला बघून मगच पाऊल टाकत चालला. गुडघ्याचं रडगाणंही बंद झालं होतं.

पंधराव्या पाटीवर लिहिलं होतं 'कडा – २५ मिनिटं'. तिथून वर पोहोचायला त्यांना तास लागला. शेवटच्या टप्प्यात खडकात लोखंडी साखळी ठोकली होती, ती धरून चढायचं. आक्का पुढे गेली. मागून पेंटर, साखळीला मिठी मारून, डोळे अर्धे मिटून. वरून आक्काचा आवाज आला, थेट वॉर्डातला. "खोल श्वास घे. आता थोडा जोर लाव. शाबास. आणखी थोडा."

"आक्का, मी बाळंत होत नाहीये!"

"अंगात तेवढी ताकद असती तर कधीच वर आला असतास. लाव जोर."

साडेदहा वाजून गेले होते. एकोणिसावी पाटी आली, आणि झाडं एकदम बाजूला झाली.

पेंटर बावीस वर्षं म्हणत होता की शब्द नाहीत, आणि आता खरोखर नव्हते. जमीन समोर सरळ तुटली होती. पलीकडची भिंत एवढी लांब की तिच्यावरची झाडं शेवाळासारखी दिसत होती, आणि त्या भिंतीवर रंगांचे पट्टे होते. गंजका, खडूसारखा, मळका पिवळा, मग पुन्हा गंजका. जुन्या दारावरचा रंग खरवडताना खालून एकेक मालकाची आवड निघत जावी तसे. नदी होती, पण निळी कसली, एवढ्या खालून मातकट दोरा सरकत होता. आणि एक घार संथपणे तरंगत गेली ती त्याच्या पायांच्या खालून. घारीचं पोट त्याने जन्मभर पाहिलं होतं. पाठ आज पहिल्यांदा पाहिली. पाठीवर ऊन पडलं होतं.

तो बसला. आक्काही बसली. अंडी सोलली, पाव काढले.

"हंस कुठे आहेत रे तुझे?" अंडं खाता खाता आक्काने विचारलं.

"गप गं."

"आणि सूर्य? तो तर आपल्या पाठीमागून आला. इथे तो मावळणार. तू उगवता काढलायस."

पेंटर हसायला लागला. असा हसला की पावाचा तुकडा घशात अडकला आणि आक्काला पाठीत धपाटे घालावे लागले. हसण्यातून सावरला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "बावीस वर्षं लोक तो फलक बघून वर आले, आक्का. वर आल्यावर एकानेही येऊन मला धरलं नाही, की तुझे हंस कुठे आहेत."

"इथवर आल्यावर हंस कोण आठवतो?" आक्का म्हणाली.

दुपारी ते उतरायला लागले. चढताना वेळ लिहायची होती, उतरताना गरज नव्हती. पण आक्काची सवय जाते कुठे? प्रत्येक पाटीशी तिची मान खाली जायची आणि पेन्सिल चालायची. साखळीवरून ती दोघं बसत-घसरत उतरली. अठराव्या पाटीपाशी आक्का म्हणाली, "पाच मिनिटं."

"हो, पाटीवर पाचच आहे."

"मी पाटीचं नाही सांगत. आपल्याला लागली पाच."

पेंटरने पाटीकडे पाहिलं. 'कडा – ५ मिनिटं'. योगायोग असेल म्हणून दोघं पुढे निघाली. सतराव्या पाटीवर बारा मिनिटं लिहिली होती. कड्यापासून इथवर उतरायला लागली बारा. सोळाव्या पाटीवर अठरा, आणि ह्यांना एकोणीस, तेही पेंटरने बुटाची नाडी बांधली म्हणून. पंधराव्या पाटीपाशी पेंटर मध्येच उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि ओरडला, "आक्का! पाट्या बरोबर आहेत!"

"ऊन लागलं का तुला?"

"अगं, बरोबर आहेत! एकूण एक बरोबर आहेत! फक्त ह्या वेळा उतरायच्या आहेत!"

मग आक्का दगडावर बसली आणि पोट धरून हसली. बावीस वर्षं माणसं उतरायच्या वेळा वाचत डोंगर चढत होती.

संध्याकाळी लंगडत लंगडत पेंटर थेट गार्डच्या घरी गेला. गार्ड आता निवृत्त होता. मागच्या अंगणात वांग्यांना पाणी घालत होता. पेंटरचा जुना मित्र, रोज बुद्धिबळाला येणारा आणि रोज हरणारा. कड्याची वाट आपण आखली, हे त्याच्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी यायचंच.

"गार्डा, खरं सांग," पेंटर म्हणाला. "पाट्यांच्या वेळा तू कशा काढल्यास?"

"कशा म्हणजे? घड्याळ लावून."

"चढताना?"

"चढताना कसा लावीन? खांद्यावर खांब, हातात पहार. चढताना मला घड्याळ सुचतंय का श्वास? खांब पुरत पुरत वर गेलो, रात्री कड्यावर मुक्काम केला आणि सकाळी उतरताना निवांत एकेका खांबाशी..." गार्डच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच राहिला. वांग्यांच्या मुळाशी तळं साचलं. "अरे बापरे," तो म्हणाला.

"हं."

"आणि इतकी वर्षं कुणी..."

"लिहिलं होतं की, तक्रारींच्या वहीत. वही कोण वाचतं?"

गार्ड पायरीवर बसला. पाण्याचा पाइप पायावर वाहत होता, त्याला पत्ता नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "त्या नव्या मॅडमना माझं नाव सांगणार?"

पेंटरने पाणी बंद केलं. वाटभर त्याच्या मनात हेच होतं. नाव सांगितलं की सुटला. चूक गार्डची, अक्षर पेंटरचं, अक्षराला तर जाडसर गृहस्थांनीसुद्धा नावं ठेवली नव्हती. पण मग अकरावी पाटी आठवली, आणि आपण छताकडे बघून म्हटलेलं 'सरळ'.

"पाटीवर अक्षर कुणाचं आहे?" तो म्हणाला. "माझं. मी एकदा, फक्त एकदा वर गेलो असतो तर त्याच दिवशी कळलं असतं. तू वांगी बघ. जास्त पाणी झालंय त्यांना."

सोमवारी दहाला पेंटर आणि आक्का मॅडमच्या कचेरीत हजर झाली. पेंटर जिना चढताना प्रत्येक पायरीला 'आई गं' म्हणत होता. त्याने कागद टेबलावर ठेवला. एकोणीस ओळी, दोन रकाने, एक चढायचा, एक उतरायचा. चढायला साडेचार तास. मग तो घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, गुरुवारी मी खोटं बोललो. परवाच्या शनिवारपर्यंत मी एकदाही वर गेलो नव्हतो. पाट्या मी माझ्या दुकानात बसून लिहिल्या, आणि त्या उतरायच्या वेळा होत्या हे मला कळलं नाही. कळायला हवं होतं."

त्याने गार्डचं नाव घेतलं नाही. मॅडमनी विचारलंही नाही. कागद मात्र बारकाईने वाचला.

"हे साडेचार तास कुणाच्या चालीने?"

"माझ्या," आक्का म्हणाली. "बसणं धरून."

"आजी, तुमचं वय..."

"अडुसष्ट."

"तरण्या माणसांना इतका वेळ लागणार नाही. पाटी पुन्हा चुकीचीच ठरेल."

"तरणी माणसं पाटीच्या आधी पोहोचली तर तुमच्या वहीत तक्रार लिहितील का?" आक्काने विचारलं. "फुशारकी मारत फोटो काढतील. उशीर झाला की माणूस चिडतो, आणि पाणी संपतं ते उशिरानेच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. समोरच छापखान्याची यादी तयार पडली होती, फक्त सही बाकी. त्यांनी घड्याळ पाहिलं. "यादी दुपारी जाते," त्या म्हणाल्या. "तोवर मी सातव्या पाटीपर्यंत जाऊन येते. तुमचा कागद घेऊन." आणि गेल्यासुद्धा.

कचेरीच्या बाकावर पेंटर आणि आक्का बसून राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. शिपायाने दोनदा चहा विचारला. पेंटरने दोन्ही वेळा घेतला आणि दोन्ही वेळा तो निवला. त्याचं लक्ष यादीवर होतं. पंख्याच्या वाऱ्याने तिचा कोपरा हलत होता, पेपरवेटखाली धडपडत होता.

एक वाजता मॅडम आल्या. केस विस्कटलेले, बूट मातीने भरलेले. त्या खुर्चीत बसल्या नाहीत, कोसळल्या. आधी पाणी प्यायल्या.

"सात मिनिटांचा फरक पडला," त्या म्हणाल्या.

पेंटरचा चेहरा उतरला. "कमी लागली?"

"जास्त," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. "तुमच्या बहिणीच्या मागे सात मिनिटं! मध्ये दोन फोन आले, म्हणून."

"चढावर फोनवर बोलायचं नसतं," आक्का म्हणाली. "श्वास एकच असतो."

मॅडमनी यादी उचलली, दुमडली आणि खणात टाकली. "पाट्या तुमच्या, काका. पण एक अट. दुकानात बसून एकही अक्षर काढायचं नाही. फळ्या जिथे आहेत तिथेच, वाटेवर उभं राहून रंगवायच्या. वर चढायचं आणि खाली उतरायचं, दोन्ही वेळा लिहायच्या."

"एकोणीस पाट्या? तिथे, वर?" पेंटरने गुडघ्यावर हात ठेवला.

"आणि फाटकाचा फलकही. ते हंस काढून टाका."

बायकोने हे ऐकलं तेव्हा ती दुसऱ्याच आनंदात होती. दिवसभर नवरा डोंगरावर, म्हणजे घर तिचं. तिने त्याच्यासाठी जाड तळाचे बूट आणले, डबा मोठा केला, आणि रोज सकाळी सहाला त्याला दारातून असं वाटेला लावायची की शेजारणींना हेवा वाटावा.

महिनाभर काम चाललं. पहिल्या आठवड्यात पेंटर रात्री जिना चढायला तयार नसायचा. दुसऱ्या आठवड्यात गुडघा बोलायचा थांबला. तिसऱ्यात तो पंधराव्या पाटीपाशी एका हातात रंगाचा डबा आणि एका हातात ब्रश घेऊन शिट्टी वाजवत पोहोचला. जुना आकडा खरवडून वर नवं लिहिलं: 'कडा – १ तास'. खाली लहान अक्षरात 'उतरताना २५ मिनिटं'. रंग ओला होता, तेवढ्यात एक नवराबायको धापा टाकत वर आली.

नवऱ्याने पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. "अजून तास? अहो काका, जरा छोटा आकडा नाही का लिहिता येत?"

"येतो की," पेंटर म्हणाला. "तो खालच्या ओळीत आहे. परत याल तेव्हा वाचा."

त्याच्या बायकोने हसत पिशवी खाली ठेवली, पाण्याची बाटली काढली, आणि दोघं पाटीशेजारी टेकली. पेंटरने त्यांना ओल्या रंगापासून जरा लांब सरकायला सांगितलं, डबा उचलला आणि पुढच्या पाटीकडे निघाला.